एकशे एकावा नारळ

२१ जुलै, सोमवार

गाइडचा कॉल. (यापुढे नुसतं गा. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. 'सर' म्हणताना जीभ अजून अडखळते, पण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पीएचडीला बसलेल्या बाईने जिभेचे लाड करू नयेत.) गा. मुंबईत बाराव्या मजल्यावर बसतो आणि मला रत्नागिरीचा समुद्र समजावतो. आज म्हणाला, मॉडेल सुरेख झालंय मॅडम, पण ते खरं आहे कशावरून?

प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच राग आला.

चार वर्षं तीन मॉडेलं एकमेकांना शिवत बसलेय. एक हवामानाचं: वारा, वादळं, पुढच्या पंचवीस वर्षांत त्यांचं काय बिनसणार ते. दुसरं समुद्राचं: भरती, ओहोटी, प्रवाह. तिसरं बांधकामाचं: धक्के आणि बंधारे पाणी कुठे वळवतात. तिन्ही मिळून एकच गोष्ट सांगतात. समुद्रात अमुक जागी काही पडलं तर ते कुठल्या किनाऱ्याला लागेल आणि कधी. पडद्यावर पाच हजार पांढरे ठिपके सोडायचे, ते वाहत जातात, आपण बघत बसायचं. एवढ्यासाठी केस पांढरे केले.

गा. म्हणतो, खऱ्या समुद्रात खऱ्या वस्तू सोडा आणि कुठे लागतात ते टिपा. त्यासाठीची तरंगती यंत्रं मागवायची तर अर्ज. अर्जाला उत्तर येईपर्यंत माझ्या मॉडेलातलं २०५० साल उजाडेल.

संध्याकाळी बाजारात असोल्या (न सोललेल्या) नारळांचा ढीग दिसला आणि सुचलं. नारळी पौर्णिमेला समुद्रात नारळ टाकणाऱ्या बाईला कोण कशाला अडवेल?

२४ जुलै, गुरुवार

सुलभा लॅब झाडताना पडद्यापाशी थांबली. सुलभा आमची लॅब अटेंडंट. सात वर्षं कंत्राटी, म्हणजे या कॉलेजातली सर्वांत कायम व्यक्ती. प्राचार्य चार झाले.

"मॅडम, ह्ये तांदूळ कसले सांडलेत?"

सांगितलं. बराच वेळ बघत राहिली. मग झाडू भिंतीला टेकवून ठेवला. "माज्या माणसाला ह्याच्यात टाकता येल?"

दत्ताराम. ट्रॉलरवर खलाशी होता. गेल्या वर्षी मेच्या अखेरीस अवकाळी वादळ आलं तेव्हा त्यांची बोट मिरकरवाड्यापर्यंत पोचेना, म्हणून अलीकडेच कातळकोंडीच्या बंधाऱ्याआड शिरायला वळली. बंधाऱ्याच्या तोंडाशीच लाट आली. बाकी सगळे किनाऱ्यावर उतरले, हा नाही. शोधाशोध झाली, पाणबुडे आले. काही मिळालं नाही.

सासर आत लांज्याकडे. त्यांचं म्हणणं, येत्या पितृपक्षात पुतळा करून क्रियाकर्म उरकावं. पळसाच्या पानांचा देह, डोक्याच्या जागी नारळ, भटजी सांगतील तसं. सुलभाच्या हातात हिरवा चुडा अजून आहे. म्हणते, पानांना अग्नी देऊन मी बांगड्या काढू होय? हा गेलाय कशावरून?

गा.चाच प्रश्न. हिच्या तोंडून राग आला नाही.

२८ जुलै, सोमवार

दत्ताराम पडला ती नेमकी जागा हवी. बोटीचे तांडेल हुसेनचाचा मिरकरवाड्याला जाळं सांधत बसले होते. जीपीएसचं विचारलं तर म्हणाले, लाट अंगावर आल्यावर त्या डबड्याकडं कोन बघतो, बाई. पण जागा त्यांनी बोटाने दाखवली. देवळाचा कळस मोबाइलच्या टॉवरला चिकटतो आणि त्याच वेळी बंधाऱ्यावरचा लाल दिवा वडाच्या बुंध्याआड जातो, ती. घरी येऊन नकाशावर दोन रेघा मारल्या. कापल्या त्या जागी टाचणीचं टोक मावेल इतकी नेमकी जागा. माझ्या चार वर्षांच्या कामात इतकं नेमकं मला कुणी काही दिलेलं नाही.

दुपारी दत्तारामला टाकलं. तारीख तीच, वारा तोच. ठिपके माणसासारखे वाहावेत म्हणून उंची-वजन भरावं लागतं. उंची किती विचारलं तर सुलभा दारापाशी गेली आणि वरच्या कडीखाली चार बोटं हात लावला. म्हणाली, हितंपर्यंत. मी टेप लावून मोजलं. ती हात खाली करीना.

सहा दिवसांत चार हजार नऊशे नव्व्याण्णव ठिपके किनाऱ्याला लागले. एक नाही.

तो बंधाऱ्याच्या टोकाला, टेट्रापॉडच्या ढिगापाशी (चार पायांची काँक्रीटची धुडं, लाटा फोडायला टाकतात ती) थांबला. भरतीला बाहेर यायचा, ओहोटीला आत जायचा. मी दिवस वाढवले. दहा, तीस, शंभर. बाहेर. आत. बाहेर.

सुलभाला म्हटलं, अजून नीट झालेलं नाही.

३० जुलै, बुधवार

गा. हसला. "अडकलेला कण आहे मॅडम. सगळ्यांच्या मॉडेलात एखादा असतो. खाली चौकट आहे बघा, 'अडकलेले कण वगळा'. टिक करा आणि पुढे चला."

टिक केली नाही. उगाच. कुणी पुढे चला म्हटलं की मी बसते, हा जन्मजात दोष.

त्याऐवजी असं केलं: ठिपके विखुरताना एक सुरुवातीचा आकडा द्यावा लागतो. आकडा तोच असेल तर उत्तर तेच येतं, हजार वेळा चालवा. मी आकडा बदलला. पहिल्यांदा अडकलेला ठिपका २,३१७ नंबरचा होता. आता तो निमूट भाट्याच्या पुळणीला लागला. आणि त्याच्या जागी ४,०९० नंबरचा जाऊन राहिला. पुन्हा आकडा बदलला. ४,०९० सुटला, ६६ आला.

दर वेळी नेमका एक. ठिपका बदलतो, जागा बदलत नाही. पहाऱ्याची पाळी बदलावी तसं.

३ ऑगस्ट, रविवार

नवरा हापूसची कलमं बघायला गेला, मी लॅबला. तो म्हणाला, रविवारीसुद्धा? म्हटलं, तुझी कलमं रविवारी वाढायची थांबतात का.

दोष शोधायचा ठरवला. एकेक मॉडेल काढून बघायचं. वारा बंद केला: एक अडकला. पंचवीस वर्षांनंतरचा वारा घातला, समुद्राची पातळी चढवली, बाकी सगळ्यांच्या वाटा पार बदलल्या, एक तिथेच. शेवटी बंधाराच पुसून टाकला. टेट्रापॉड नाहीत, भिंत नाही, नुसतं उघडं पाणी. आता अडकायला काही नाही.

भरतीला थोडा बाहेर. ओहोटीला थोडा आत. ज्या भिंतीत जायचा ती नाही, तरी जातो.

म्हणजे वाऱ्याचा दोष नाही, पाण्याचा नाही, बांधकामाचा नाही. समुद्राच्या तळाचे आकडे चुकले असतील. असतीलच. जुन्या नकाशावरून घेतलेत. उद्या तपासते.

एसीचं पाणी बादलीत पडत होतं, टक, टक. बादली हलवून ठेवली.

६ ऑगस्ट, बुधवार

तळाचे आकडे बरोबर आहेत.

शंभर नारळ आले. मी आणि सुलभा लाल ऑइलपेंटने नंबर घालतोय, खाली माझा फोन नंबर आणि 'सापडल्यास कळवा'. प्राचार्य डोकावले, सत्यनारायण आहे का म्हणाले. नाही सर, संशोधन. मग ते लगेच गेले. सत्यनारायण असता तर थांबले असते.

सुलभाचं अक्षर माझ्याहून चांगलं. एकाहत्तरपासून पुढचे सगळे तिने रंगवले.

८ ऑगस्ट, शुक्रवार. नारळी पौर्णिमा

हुसेनचाचांच्या बोटीतून गेलो. सुलभा आली, हातात पिशवी. काय आणलंस तर म्हणे डबा. बोटी सजलेल्या, पताका, धक्क्यावर ताशा. कळस टॉवरला चिकटला, दिवा वडाआड गेला. चाचांनी इंजिन बंद केलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. गेल्या वर्षीपासून या जागेवर त्यांनी बोट थांबवली नव्हती असं सुलभा मागाहून म्हणाली.

एकेक नंबर वाचून मी वहीत टिपत होते, सुलभा सोडत होती. शेवटी शेवटी मला बोट लागली. लाटेवर लिहिण्याचं काम शहाण्या बाईचं नाही. मी दोन मिनिटं डोकं खाली घालून बसले. वर बघितलं तेव्हा नारळांची माळ दक्षिणेला निघाली होती, मॉडेल म्हणतं तशीच.

१३ ऑगस्ट, बुधवार

फोन सुरू. भाट्ये, कसोप, गावखडी. शास्त्राचा विजय म्हणेपर्यंत घोटाळा लक्षात आला.

एक काका: "बेचाळीस नंबर भाट्याला लागला हो."

ठेवा, मी घ्यायला येते म्हटलं.

"ठेवू कसा? हात जोडून परत सोडला."

दर्याला वाहिलेला नारळ कोणी घरी नेत नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. चाळीस वर्षं बघतेय. पण प्रयोग आखताना आईच्या गावी, याच किनाऱ्यावर वाढलेली मी कुठेतरी बाजूला ठेवली होती आणि पीएचडीवाली तेवढी बसली होती. त्यामुळे बेचाळीस दुसऱ्या दिवशी कसोपला सापडला, तिथल्या बाईने हळद-कुंकू वाहून सोडला. काल गावखडीला. गावखडीच्या माणसाने सोडण्यापूर्वी फोटो काढून पाठवला. बेचाळीसला तीर्थयात्रा घडतेय, माझा डेटा नासतोय.

गा.ला सांगितलं. त्याचा कॅमेरा बंद झाला. मला वाटलं नेट गेलं. नेट होतं.

१६ ऑगस्ट, शनिवार

वाट सापडली. प्रत्येक 'परत सोडला' हा नवा प्रयोग धरायचा. जागा माहीत, वेळ माहीत, तिथून पुढचा प्रवास मॉडेलला विचारायचा. म्हणजे शंभर नारळांत अडीचशे प्रयोग. हात जोडणाऱ्या त्या सगळ्या मंडळींचे आभार प्रबंधात मानावे लागतील.

आणि मॉडेल बरोबर निघालं. जवळजवळ सगळीकडे, अर्ध्या दिवसाच्या फरकाने. गा. खूश. मला आनंद व्हायला हवा होता. पण मॉडेल अडीचशे ठिकाणी खरं बोलत असेल तर एकाच ठिकाणी खोटं का बोलेल?

चारच्या सुमारास फोन. कातळकोंडीच्या बंधाऱ्यावर गरी टाकून बसणारा एक म्हातारा. त्याने नंबर वाचला. एकशे एक.

म्हटलं, नीट बघा, अकरा असेल. मी शंभरच सोडलेत.

"आकडे वाचता येतात मला, बाई. पोस्टात होतो." मग म्हणाला, "चार दिवस बघतोय. भरती पुरी भरली की ढिगातनं बाहेर येतो, पाणी उतरलं की आत जातो. आज म्हटलं, कळवावं."

२४ ऑगस्ट, रविवार

काल अमावास्या, आज उधाणाची भरती, साडेअकराला. एकटी गेले. बंधाऱ्यावर चिटपाखरू नाही. पोस्टातले म्हातारे आले नाहीत, फोनही उचलला नाही.

पाणी ढिगात चढतं तेव्हा टेट्रापॉडच्या फटींतून हवा बाहेर येते. मोठ्या माणसाने झोपेत श्वास सोडावा तशी. हे मला ठाऊक आहे. वर्गात शिकवते.

मग आवाज. टक. टक. टक. थांबला. परत तीन.

मग तो आला. नंबर वर करून. १०१, लाल, ठसठशीत. एक जरा मोठा काढलेला, शेवटाला शेपूट दिल्यासारखं वळण. हे अक्षर मी ओळखते.

हाताने पोचेल इतक्या जवळ होता. उचलला नाही. का, ते इथे काय लिहू. मीही चाळीस वर्षं बघतेय.

२५ ऑगस्ट, सोमवार

सुलभाला विचारलं. खोटं बोलली नाही. उलट मीच विचारायला इतके दिवस लावले, असं तिच्या चेहऱ्यावर.

दत्ताराम जन्मला त्या वर्षी लांज्याच्या घरामागे माड लावला होता. सासूने त्याच माडाचा एक नारळ देवघरात बाजूला काढून ठेवलाय. ठेवला होता. पुतळ्याला डोकं म्हणून. जुलैत लांज्याला गेली तेव्हा सुलभाने तो पिशवीत घालून आणला. डबा म्हणाली होती तो.

"ज्याला ह्येंचं डोसकं म्हनायचं त्याला आधी ह्येंच्या जागंवर सोडून बगावं म्हटलं. ह्ये गावले तर त्याला गावतील." मग झाडूची काडी मोडत, "कुटं लागला तो, मॅडम?"

सांगितलं. त्या ठिपक्याचंही सांगितलं, जुलैपासूनचं. ओरडेल वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "म्हंजे तुमाला ठावं हुतं."

हो म्हटलं. यापुढे मी कुणावर उपहासाने काही लिहिलं तर हा दिवस आठवावा.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपतीला मुंबईहून सुलभाचा दीर आलाय, महादेव. तिकडे लिफ्ट दुरुस्त करतो. सासूला नारळ नाहीसा झाल्याचं कळलं तेव्हापासून घरात जेवण नाही. तो माझ्या दारात उभा. मी भांडणाच्या तयारीने चष्मा लावला, पण माणूस साधा निघाला.

म्हणाला, वैनीला चार गोष्टी सांगा, तुमचं ऐकते. आईच्या दोन्ही डोळ्यांत आता काही उरलेलं नाही, तिला एवढंच पाहिजे की डोळे मिटायच्या आत पोराला पाणी मिळावं. सर्वपित्रीला भटजी सांगून ठेवलेत. "वैनीनं तरी किती वर्षं असं बसायचं? तीस वर्षांची नाय ती अजून."

ते मला माहीत नव्हतं. सात वर्षं रोज बघतेय आणि मी तिला चाळिशीची धरून चालले होते.

मी त्याला म्हटलं, नारळ कुठे आहे ते मला माहीत आहे. ठिपक्याचं, ठोक्यांचं, उरलेलंही बोलणार होते. तेवढ्यात तो म्हणाला, मग तोच आणू, आईला तोच हवाय. आणि इतका हलका होऊन गेला की पुढचं माझ्या तोंडातच राहिलं.

८ सप्टेंबर, सोमवार

काल पौर्णिमा, आज परत उधाण. सुलभा म्हणाली, मला न्या. अर्धी रजा टाकून रिक्षाने गेलो.

ती ढिगाच्या टोकाला जाऊन बसली, साडी गुडघ्यात खोचून. आवाज सुरू झाला. तीन. थांबला. तीन.

"ह्ये दार असंच वाजवायचे," ती म्हणाली. नुसतं सांगितलं, दूध नासलं सांगावं तसं.

नंतर ती बोलायला लागली, ढिगाशी. टीव्ही बिघडलाय. महादेवभाऊजींची पोरगी शाळेत जायला लागली. कॉलेजातल्या बाई बऱ्या आहेत पण चहा फार पितात. मध्ये थांबायची, जेवढं समोरच्याला हूं म्हणायला लागतं तेवढं. त्या जागी आतून हवा बाहेर यायची.

मी इंजिनिअर आहे. पोकळीत लाट शिरली की हवा दाबली जाते, लाटेचा आवर्तनकाल इतके सेकंद, म्हणून तीन ठोके आणि मध्ये खंड. मी मनगटावरचं घड्याळ लावून मोजलं. खंड सारखे नव्हते. तिचं वाक्य लांबलं की खंड लांबायचा.

पुढचं मोजलं नाही.

परतताना रिक्षात तिला म्हटलं, तू काय ठरवलंयस? म्हणाली, ठरवायचं तर कळाय पायजे ना. तिथं असतील तर तिथं असू देत, मी पाणी देईन, बांगड्या काढीन. पण नुसता नारळ अडकला असंल तर? माजं आयुष्य मी नारळावर कसं लावू?

बंदराच्या कचेरीत जाऊन ढीग उचलून बघा म्हणून अर्ज देता येईल का, तेही विचारलं तिने. अर्ज मीच लिहिला. 'कारण' या रकान्यात काय भरावं ते दोघींनाही सुचेना.

१७ सप्टेंबर, बुधवार

अर्जाला उत्तर: पावसाळ्यात धुडं हलवता येणार नाहीत.

गा.ला मसुदा बावीस तारखेला हवा. "आणि तो कण वगळा हं मॅडम. परीक्षक त्याच एकाबद्दल विचारत बसतील."

त्यालाही कधी नव्हे ते सगळं सांगितलं. दत्ताराम, नारळ, ठोके. तो हसला नाही. म्हणाला, मॅडम, माझ्या स्वतःच्या पीएचडीत पण एक होता. कुठे, विचारलं. तर म्हणाला, मी टिक केली होती, त्यामुळे आता माहीत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या

लॅबमध्ये बसून लिहितेय, दुपारचे तीन.

सकाळी अकराला सगळे बंधाऱ्यावर. महादेव, भटजी, हुसेनचाचा (बोलावलं नव्हतं, आले), सुलभा, मी. म्हातारीला टेम्पोत बसवून ठेवलं होतं, खिडकीतून समुद्राकडे तोंड करून. पळसाच्या पानांचा देह पुळणीवर अंथरून तयार. डोकं तेवढं नाही.

भरती भरली. तीन ठोके सगळ्यांनी ऐकले. भटजी पंचांगात बघायला लागले, तिथे नसणार ते.

नारळ आला. महादेव पालथा झोपला, चाचांनी त्याचे पाय धरले. बोटं टेकणार एवढ्यात आत गेला. परत आला, परत गेला. तिसऱ्या वेळी सुलभा म्हणाली, थांबा, मी घेते. ती वाकली, चुड्याचा हात पुढे केला. नारळ त्या हाताला येऊन लागला. दोन श्वास तिच्या तळव्याखाली तसाच तरंगत राहिला. नंबर नव्हता. जिथे १०१ होतं ती बाजू घासून गुळगुळीत झाली होती, रोज हात फिरवल्यासारखी.

तिने उचलला नाही. तिनेच सोडला की तो गेला, मी अगदी शेजारी असून सांगता येणार नाही. पाणी उतरायला लागलं. परत आला नाही.

भटजी म्हणाले, पिशवीत दुसरा आहे, चालतो. महादेवने पण मान हलवली, बिचारा थकला होता. सुलभा म्हणाली, ते डोसकं ह्येंचं न्हाय. टेम्पोतून म्हातारीने विचारलं, झालं का रे?

मग सुलभा माझ्याकडे वळली, सगळ्यांसमोर. "मॅडम, तुमच्यात परत एकदा बगा. अजून फिरत असतील तर म्या हितंच ऱ्हाते, कुनी काय बोलायचं न्हाय. सगळे किनाऱ्याला लागले असतील तर दुसरा नारळ ठेवा आनि माज्या बांगड्या काढा." महादेव म्हणाला, बाई सांगतील ते. भटजी म्हणाले, सूर्यास्ताच्या आत सांगा. मला कोणी विचारलं नाही.

अडीच तास लागतात पुरं चालायला. एकला लावलंय.

तिला ठाऊक नाही की उत्तर मला आताच माहीत आहे. आकडा कुठलाही दिला तरी एक उरतो. नाहीतर ती चौकट: टिक केली तर तो एक मोजलाच जात नाही, सगळे किनाऱ्याला, एकही मागे नाही. तीस वर्षांचीसुद्धा नाही ती. म्हातारी टेम्पोत बसलीय. आणि गा. आहेच, बावीस तारीख घेऊन.

लावताना टिक केली की नाही, ते इथे लिहीत नाही. ही वही टेबलावर राहते आणि रोज सुलभाच ती उचलून कपाटात ठेवते.

बाहेर स्टुलावर ती बसलीय. मधूनच बांगड्या वाजतात, म्हणजे अजून आहेत. एसी आज बंद आहे, बादली मी सकाळीच उलटी करून ठेवलीय.

पडद्यावर शेवटचे ठिपके पुळणीला लागतायत. सात उरले. चार.

दारावर टक. टक. टक.

"झालं का, मॅडम?"

सुलभा आजवर कधी दार वाजवून आत आलेली नाही.

होतंय म्हटलं.